शेजारचे आजोबा : उसन्या नात्याचा भाषिक विचार

घरी भावंड नसलेले एखादे मूल आणि दिवस एकट्याने कंठणारा शेजारचा वृद्ध यांचा स्नेह जुळला, म्हणजे आपण त्याला योगायोग म्हणतो, किंवा त्याचे श्रेय दोघांच्या स्वभावाला देतो. हे दोन्ही खरे असू शकेल. पण एवढ्याने विषय संपत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने परक्या वडीलधाऱ्या माणसाच्या ओट्यावर जाऊन बसावे, त्याची थट्टा करावी, आणि त्यात कोणालाही उद्धटपणा वाटू नये, यासाठी समाजाची एक प्रकारची अनुज्ञा लागते. ही अनुज्ञा मराठीत बहुधा एका शब्दाने मिळते. तो शब्द ‘आजोबा’ (अथवा ‘आजी’) होय. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या सामर्थ्याचा, तसेच त्याच्या मर्यादांचा, थोडक्यात विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘आजा’ हा शब्द संस्कृत ‘आर्यक’, पाली ‘अय्यक’ या मार्गाने मराठीत आला. त्याला आदरार्थी ‘बा’ जोडून ‘आजोबा’ झाला. विठोबा, खंडोबा, ज्ञानोबा या नामांत हाच ‘बा’ आहे, आणि वर्धा जिल्ह्याला जवळचे असलेले ‘विनोबा’ हे नावही याच साच्यात पडले आहे. या प्रत्ययात आदर आणि सलगी एकत्र नांदतात. देवाला आणि संताला ‘बा’ लावणारा मराठी माणूस त्यांच्यापुढे नमतो, पण त्यांच्याशी भांडतोही.

आता नातेवाचक शब्दांच्या व्यवस्थेत ‘आजोबा’चे स्थान कोठे आहे ते पाहू. आईबापांच्या पिढीत मराठी भाषा पित्याकडील व मातेकडील नाती काटेकोरपणे वेगळी ठेवते : काका निराळा, मामा निराळा, आत्या निराळी, मावशी निराळी. त्याच्या वरच्या पिढीत मात्र हा भेद नाहीसा होतो. हिंदी व गुजराती भाषा ‘दादा’ आणि ‘नाना’ असे दोन शब्द वापरतात. मराठीत दोघेही आजोबाच.

या भेदाचे परिणाम परक्यांना नाती लावताना दिसून येतात. मित्राचे वडील ‘काका’ व आई ‘काकू’ होते, एस. टी. चा वाहक आणि पोलीस शिपाई ‘मामा’ होतात; भाजी विकणारी व घरकाम करणारी बाई ‘मावशी’ होते. ‘आत्या’ हा शब्द तर परकीस क्वचितच मिळतो. अर्थात या पिढीतील उसन्या नात्यांना सामाजिक दर्जाचा रंग चढला आहे. कोणता शब्द निवडला यावरून बोलणारा समोरच्यास कोठे बसवतो हे कळते. आजी-आजोबांच्या बाबतीत अशी निवडच उरत नाही. घरमालकाची आई आणि बाजारातील वृद्ध विक्रेती या दोघीही मुलाच्या तोंडी ‘आजी’च असतात. पक्ष नाही, पायरी नाही. म्हणून हा शब्द सहज उसना देता येतो.

दुसरे कारण समाजशास्त्रीय आहे. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली थट्टेच्या नात्यांवर जो निबंध लिहिला त्यात नातवंडे व आजे यांच्यातील सौम्य थट्टा अनेक समाजांत आढळते याकडे लक्ष वेधले आहे. लगतच्या पिढ्यांत शिस्तीचा ताण असतो. एकाआड एक पिढ्यांत तो सैल होतो. या मैत्रीच्या खुणा मराठीतही आहेत. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे होती, आणि सासऱ्याचे नाव उच्चारावयाचे नाही म्हणून सून त्या मुलाला ‘बाळ’ किंवा ‘दादा’ म्हणून हाक मारी. पोक्त बोलणाऱ्या लहान मुलीला आपण ‘आजीबाई’ म्हणतो. दोन टोकांच्या वयांना भाषा अशी एकमेकांच्या जागी बसवते.

ब्राउन व गिलमन यांनी १९६० साली सर्वनामांमागील ‘सत्ता’ आणि ‘सलगी’ या दोन तत्त्वांची मांडणी केली. मराठी मूल शेजारच्या वृद्धास “आजोबा, तुम्ही पडला होता का हो लहानपणी झाडावरून?” असे विचारते, तेव्हा ही दोन्ही तत्त्वे एकाच वाक्यात काम करतात. नाम सलगी साधते, सर्वनाम आणि क्रियापद मर्यादा राखतात. पूर्व विदर्भाच्या बोलीत, जिला ग्रियर्सन यांच्या पाहणीत ‘नागपुरी’ म्हटले आहे आणि जिच्या क्षेत्रात वर्धा जिल्हा येतो, तीत ‘हो जी’, ‘काय जी’ असा ‘जी’ हा निपातही आदराचा काही भार वाहतो.

वर्धा जिल्ह्यातीलच एक सर्वश्रुत उदाहरण येथे उपयोगी पडेल. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगाव येथे राहावयास आले (हेच गाव १९४० पासून सेवाग्राम), तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई यांचा एकुलता एक मुलगा नारायण त्या वेळी अकरा वर्षांचा होता. महादेवभाई आरंभी वर्ध्याच्या मगनवाडीत राहून पायी सेगावी जात-येत. पुढे आश्रमाच्या आवारातच त्यांचे घर झाले आणि बापूकुटी शेजारी आली. नारायणाने शाळा सोडली होती. त्याचे शिक्षण वडील व आश्रमवासी यांच्याकडे झाले. त्यास एकाकी म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु वर्गसोबती नसलेल्या या मुलाचे बालपण वडीलधाऱ्यांच्या संगतीत गेले यात शंका नाही. त्या संगतीचे चित्र त्यांनी ‘बापू की गोद में’ या पुस्तकात रेखाटले आहे.

भाषिक दृष्ट्या लक्षणीय गोष्ट ही की, वडील व मुलगा दोघेही त्या वृद्धास ‘बापू’ म्हणत. रक्ताच्या नात्यात पिता ज्यास बाप म्हणतो त्यास पुत्र आजा म्हणतो. परंतु मराठी घरांतही थोरांचे ऐकून मुले आजोबांना ‘भाऊ’ वा ‘अण्णा’ म्हणतात, हे आपण जाणतो. संबोधन वारशाने येते, त्यात पिढीचे अंतर पुसले जाते, पण नात्याचा व्यवहार मात्र आजा-नातवाचाच राहतो. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई आगाखान पॅलेसमध्ये निवर्तले तेव्हा नारायण सतरा वर्षांचा होता. पुढे त्यांनी लिहिलेल्या वडिलांच्या गुजराती चरित्रास १९९३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

येथवर शब्दाचे औदार्य पाहिले. त्याची कसोटीही पाहिली पाहिजे. आपल्या गावांत हा शब्द सर्वच वृद्धांना मिळत नसे. सवर्ण घरातील पोर अस्पृश्य मानलेल्या म्हाताऱ्यास एकेरी नावाने हाक मारी, आणि तो म्हातारा त्या पोरास आदरार्थी बहुवचनाने उत्तर देई. ज्या शब्दात पायरी नाही तो शब्दच अशा वेळी रोखून धरला जाई, कारण तो उच्चारताच पायरी मोडली असती. म्हणून एखाद्या गावात कोण कोणाला ‘आजोबा’ म्हणतो, आणि कोणाला म्हणत नाही, याची नोंद ही त्या गावाच्या सामाजिक इतिहासाची नोंद ठरते.

आज शहरांत ‘अंकल’ हा शब्द रूढ झाला आहे. त्याने काका आणि मामा यांतील भेद पुसला याची फारशी खंत नको. परंतु तो तिशीच्या व सत्तरीच्या पुरुषास सारखाच लागू होतो, त्यामुळे पिढीचा भेदही पुसतो. ‘अंकल’शी सभ्यपणे बोलता येते, त्याच्या काठीशी खेळण्याची मुभा त्या शब्दात नाही. शब्दाने मैत्री निर्माण होत नाही हे मान्य. तथापि ती सुरू करण्याचा अधिकार शब्द देतो, आणि एकट्या मुलाला नेमका तोच हवा असतो.

विभागातील विद्यार्थ्यांनी वर्धा परिसरात क्षेत्रकार्य करताना तीन गोष्टी टिपाव्यात : मूल शेजारच्या वृद्धास कोणत्या नामाने हाक मारते, त्यास कोणते सर्वनाम व क्रियारूप जोडते, आणि वृद्ध त्यास काय म्हणून ओ देतो. पहिल्या दोहोंची नोंद बहुधा होते. तिसरीकडे दुर्लक्ष होते. वास्तविक हे नाते दोन्ही बाजूंनी स्वीकारले गेले की नाही, ते या तिसऱ्या नोंदीवरूनच ठरते.