मॅक्बेथ : दैव कोठें संपतें?

शेक्सपिअरचें ‘मॅक्बेथ’ नाटक वाचून पुरें झालें म्हणजे विद्यार्थी बहुधा एक प्रश्न विचारतात, आणि तो पोरकट आहे असें आम्हांस कधींच वाटलें नाहीं. ते म्हणतात, चेटकिणींनीं सांगितलेलें सारें जर अक्षरशः खरें ठरलें, तर मॅक्बेथ राजा होणार हें आधींच ठरलेलें होतें. आणि ठरलेलें तेंच जर घडलें, तर त्यांत त्या बिचाऱ्याचा अपराध तो काय? ज्या घरांत पत्रिका पाहिल्यावांचून लग्न ठरत नाहीं आणि अपयश आलें कीं ‘प्रारब्ध’ म्हणून मोकळें होण्याची सोय असते, त्या घरांतल्या मुलाच्या मनांत हा प्रश्न यावा हें साहजिकच होय. तेव्हां त्याचा थोडा सविस्तर विचार करूं.

कथाभाग बहुतेकांस ठाऊक असेल. मॅक्बेथ हा स्कॉटलंडचा राजा डंकन याचा आप्त आणि पराक्रमी सरदार. बंडाळी मोडून तो व त्याचा सोबती बँको परत येत असतां माळरानावर त्यांस तीन चेटकिणी भेटतात. मॅक्बेथ हा कॉडरचा सरदार होईल व पुढें राजा होईल, आणि बँको स्वतः राजा न होतां राजांचा मूळपुरुष होईल, असें त्या सांगतात व नाहींशा होतात. लागलीच राजाकडून आलेले सरदार मॅक्बेथला कॉडरची सरदारकी मिळाल्याचें वर्तमान कळवितात. पुढें लौकरच राजा त्याच्या गढींत पाहुणा म्हणून उतरतो आणि रात्रीं झोपेंत मारला जातो.

आतां चेटकिणींचें भाषण पुन्हा एकदां लक्षपूर्वक वाचावें. त्यांत खून हा शब्द नाहीं, खंजीर नाहीं, डंकनचें नांव देखील नाहीं. काय होईल एवढेंच त्या सांगतात. कसें होईल ह्याविषयीं त्या मौन धरतात. तें मौन मॅक्बेथनें आपल्या मनांतल्या शब्दांनीं भरून काढलें. इतकी आनंदाची वार्ता ऐकून हा दचकला कां, असें बँको तेथल्या तेथें विचारतो. आणि दचकण्याचें कारण प्रेक्षकांस लौकरच कळतें. खुनाची कल्पना त्याच्या मनांत आलेली असते. शिवाय कॉडरची सरदारकी त्याला बोट न हलवितां मिळाली होती. दैवाला जर द्यावयाचेंच होतें, तर मुकुटही तसाच मिळूं शकला असता. आणि हा तर्क स्वतः मॅक्बेथलाही सुचतो, हें विशेष. दैवाच्या मनांत असेल तर मीं कांहीं न करतां तें मला राजा करील, असें तो क्षणभर म्हणतो. तो त्या विचारावर टिकला असता तर नाटक झालें नसतें!

बँकोची गोष्ट ह्याच्या शेजारीं ठेवून पाहावी. तेंच रान, त्याच चेटकिणी, आणि त्यालाही दिलेलें तसलेंच आमिष. परंतु अशा शक्ती क्षुल्लक गोष्टींत खरें बोलून मोठ्या गोष्टींत घात करतात, हें तो लागलीच ओळखतो. डोळा लागला असतां मनांत शिरणाऱ्या पापी विचारांपासून मला आवर, अशी तो त्या रात्रीं देवाची करुणा भाकतो. तो कांहीं देवमाणूस नव्हे. पुढें मॅक्बेथचा संशय येऊनही तो तोंडांतून ब्र काढीत नाहीं, कारण आपल्या वंशाविषयींची आशा त्यालाही सुटत नाहीं. तथापि मनांत आलेलें आणि हातून झालेलें ह्यांच्यामध्यें जी रेघ आहे ती त्यानें ओलांडली नाहीं.

मॅक्बेथच्या पक्षाचा खरा उभयतःपाश तर पुढें आहे. राज्य मिळाल्यावर तो बँको व त्याचा मुलगा फ्लीअन्स ह्यांच्यावर मारेकरी घालतो. हेतु हा कीं, बँकोच्या वंशाविषयींचें भविष्य खोटें पडावें. आतां भविष्य जर अटळ असेल, तर ते मारेकरी व्यर्थ. आणि जर तें टाळतां येण्याजोगें असेल, तर मग ‘मला दैवानें राजा करविलें’ असें म्हणावयास जागाच उरत नाहीं. स्वतःस लाभाचें असेल तेवढें दैव खरें आणि अडचणीचें असेल तें मात्र पुरुषार्थानें मोडून काढावयाचें, अशी ही विद्या आहे. तिच्या अभ्यासाला स्कॉटलंडपर्यंत जाण्याचें कारण नाहीं! पुढें तर चेटकिणी मॅक्डफपासून जपून राहा एवढेंच सांगतात, आणि मॅक्डफ निसटून इंग्लंडास गेला हें कळतांच मॅक्बेथ त्याच्या बायकामुलांची कत्तल करवितो. ही कत्तल कोणत्याही भविष्यांत नव्हती. येथें दैवाचा धागा देखील सांपडत नाहीं. उरतें तें केवळ भ्यालेल्या माणसाचें क्रौर्य.

शेक्सपिअरनें हें सारें बुद्धिपुरस्सर केलें असें आम्ही म्हणतों, त्यास पुरावा आहे. त्यानें कथा घेतली ती होलिन्शेडच्या बखरींतून. तिची दुसरी आवृत्ति १५८७ सालची. त्या बखरींत डंकन हा मवाळ व दुबळा राज्यकर्ता आहे, बँको हा कटांत सामील आहे, आणि मॅक्बेथनें आरंभीं दहा वर्षें राज्य चांगलें केलें असें लिहिलें आहे. इतिहास तर आणखी निराळा. १०४० सालीं डंकन लढाईंत पडला व मॅक्बेथनें १०५७ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षें राज्य केलें. मध्यंतरीं १०५० सालीं तो रोमची यात्राही करून आला. झोपलेल्या पाहुण्याचा खून हा त्याच बखरींतल्या डफ नांवाच्या दुसऱ्या एका राजाच्या कथेंतून उचललेला आहे. बँकोला निर्दोष केलें ह्याचें कारण उघड आहे. नाटक सुमारें १६०६ सालचें. १६०३ पासून इंग्लंडच्या गादीवर असलेला राजा जेम्स आपली वंशावळ बँकोशीं जोडीत असे, आणि चेटूकविद्येवर १५९७ सालीं त्यानें स्वतः ग्रंथ लिहिला होता. परंतु डंकनला सद्गुणी केला, मॅक्बेथचीं दहा चांगलीं वर्षें गाळलीं, रणांतल्या मृत्यूच्या जागीं अतिथीचा घात घातला, ह्याचा उलगडा राजाच्या खुशामतीनें होत नाहीं. नायकाला ज्या ज्या सबबी सांगतां आल्या असत्या, त्या त्या नाटककारानें एकामागून एक काढून घेतल्या आहेत.

संस्कृत नाटकें वाचलेल्यांस येथें कालिदासाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. महाभारतांतला दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. कालिदासानें मध्यें दुर्वासाचा शाप आणला, मुद्रिका आणली, आणि राजाचा दोष विस्मृतीच्या माथीं गेला. तेथें अलौकिकाची योजना नायकाचें पाप हलकें करण्यासाठीं आहे. शेक्सपिअरच्या नाटकांतही अलौकिक आहे, पण तें पापाचा गुंजभरही भार उचलीत नाहीं. दोन्ही कवि थोर. कोणाची रीत श्रेष्ठ हा वाद आम्ही घालीत नाहीं. मात्र ‘मॅक्बेथ’च्या शेवटीं मारीच ऋषींचा आश्रम कां नाहीं, ह्याचें उत्तर ह्या भेदांत आहे.

हें नाटक मराठींतही आलें. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनीं ‘मानाजीराव’ ह्या नांवानें त्याचें रूपांतर केलें, आणि पुढें १९५४ सालीं वि. वा. शिरवाडकरांचें ‘राजमुकुट’ आलें. नांवें, गांवें, पोषाख बदलावे लागतात खरे. पण घरीं उतरलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्याला झोपेंत मारणें हें पातक आहे, हें आमच्याकडे कोणास समजावून सांगावें लागत नाहीं.

परंतु ह्या नाटकाचें मर्म आम्हांस दैवाच्या वादापेक्षां त्या नवराबायकोच्या संसारांत अधिक वाटतें. टीकाकार लेडी मॅक्बेथला राक्षसीण म्हणून मोकळे होतात. तिच्या तोंडचीं भाषणें राक्षसी आहेत, ह्यांत शंका नाहीं. डंकन हा आपला आप्त, आपण त्याचे सेवक, शिवाय तो आपला पाहुणा, अशीं कारणें स्वतःशीं मांडून मॅक्बेथ माघार घेतो, तेव्हां त्याच्या पौरुषाला टोमणे मारून त्याला पुन्हा उभा करते ती तीच. रात्रीनें दाट काळोख पांघरावा आणि सुरीला आपण केलेली जखमही दिसूं नये, अशी तिची प्रार्थना असते. पण निजलेला म्हातारा आपल्या वडिलांसारखा दिसला, म्हणून तिचा स्वतःचा हात चालला नाहीं, हेंही तीच कबूल करते. खून पडद्याआड होतो. (भरतमुनीचा नियम येथें आपोआप पाळला गेला!) मॅक्बेथ रक्तानें माखलेल्या हातांनीं बाहेर येतो, त्या वेळीं पकडले जाण्याचें भय त्याच्या बोलण्यांत नसतें. शेजारच्या खोलींत कोणी झोपेंतून जागे होऊन देवाचें नांव घेतलें, आणि आपणांस ‘आमेन’ म्हणतां आलें नाहीं, घशाशीं शब्द अडकला, एवढेंच तो पुनःपुन्हा सांगतो. बायको म्हणते, असला विचार करीत बसलास तर वेड लागेल. थोडेंसें पाणी घेतलें कीं हात स्वच्छ होतील. तितक्यांत गढीच्या दरवाजावर थापा पडूं लागतात. ह्या थापांवर डी क्विन्सीनें १८२३ सालीं एक निबंध लिहिला आहे. थांबलेलें जग पुन्हा चालूं झालें हें त्या आवाजानें कळतें आणि म्हणूनच अंगावर कांटा येतो, असा त्याचा आशय आहे.

वाल्या कोळ्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. त्याच्या बायकोनें त्याच्या पापाचा वांटा घेण्याचें साफ नाकारलें. येथें उलट आहे. ही बायको विचारण्याआधींच पुढें होऊन अर्धा वांटा मागून घेते. खंजीर परत नेऊन ठेवते, पहारेकऱ्यांना रक्त फांसते, आपले हात नवऱ्याच्या हातांसारखे लाल करून येते. आणि तरीही पाप अर्धें होत नाहीं. प्रत्येकाच्या वांट्याला तें सबंधच्या सबंध येतें. राजा झाल्यावर मॅक्बेथ तिच्याशीं मोकळेपणानें बोलेनासा होतो. बँकोवर मारेकरी घातल्याचें तो तिच्यापासून लपवितो. लाडानें म्हणतो कीं, तुला हें ठाऊक नसलेलेंच बरें. त्या रात्रींच्या मेजवानींत त्याला बँकोचें भूत दिसतें आणि ती सरदारांपुढें नवऱ्याची बाजू सांवरून नेते. पाहुणे गेल्यावर ती त्याला रागें भरत नाहीं. तुला झोप नाहीं, एवढेंच थकून म्हणते. ह्या प्रवेशानंतर तीं दोघें रंगभूमीवर पुन्हा एकत्र येत नाहींत. नाटककारानें त्यांचें भांडण दाखविलें नाहीं, ताटातूट दाखविली नाहीं. भेटणेंच बंद झालें आहे.

त्यानंतर ती दिसते ती झोपेंत चालतांना. जिनें काळोख मागितला, तिच्या हातीं आतां दिवा आहे. तो रात्रंदिवस आपल्याजवळ असावा असा तिचाच हुकूम आहे. ती हात चोळते, धुते, हुंगते, पण रक्ताचा वास जात नाहीं. आजवर छंदांत बोलणारी ही राणी ह्या प्रवेशांत साध्या गद्यांत, तुटक तुटक बोलते. आणि काय बोलते? म्हातारा राजा, पुरलेला बँको, आणि मॅक्डफची ती बायको. ज्या पापांची बातमी नवऱ्यानें तिच्यापासून दूर ठेवूं पाहिली, तींही तिच्या झोपेंत शिरलीं आहेत. आडून पाहणारा वैद्य म्हणतो कीं, हिला वैद्याची गरज नाहीं, धर्मोपदेशकाची आहे. पुढें मॅक्बेथ त्याच वैद्याला विचारतो, मनांत रुजलेलें दुःख उपटून काढील असें तुझ्याजवळ कांहीं औषध आहे काय? प्रश्न बायकोविषयीं केलेला असतो. पण तो कोणासाठीं विचारीत आहे हें वैद्यही समजतो.

शत्रूचें सैन्य गढीवर चालून येत असतां आंतून बायकांचा आक्रोश ऐकूं येतो. राणी मरण पावल्याचें त्याला सांगतात. ज्या बाईनें त्याच्यासाठीं सारें पणास लावलें, तिच्याकरितां त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाहीं. ही बातमी नंतर कधीं यावयास पाहिजे होती, असें कांहीं तरी तो पुटपुटतो, आणि उद्यांमागून येणाऱ्या निरर्थक उद्यांविषयीं बोलत राहतो. तेवढ्यांत एक जासूद धांवत येतो. बर्नमचें रान गढीकडे चालत येतांना आपण पाहिलें, हें कसें सांगावें तें त्याला कळत नाहीं.