व्यावसायिक नोंदी व तोंडी साक्ष यांचे पुराव्यातील स्थान : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्याच्या संदर्भात

कारखान्याची खतावणी, चलन वा हजेरीपट न्यायालयात तोंडी साक्षीपेक्षा श्रेष्ठ ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. मोठ्या वाहन उद्योगांभोवती लघुउद्योगांचे व कंत्राटी कामगारांचे जाळे पसरलेल्या पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात हा समज तपासून पाहणे आवश्यक ठरते.

भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ३४ नुसार व्यवसायाच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबवह्यांतील नोंदी पुराव्यात ग्राह्य होत्या. परंतु केवळ तेवढ्यावरून कोणावरही दायित्व लादता येत नव्हते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये हाच नियम इलेक्ट्रॉनिक हिशेबांसह कायम आहे. जैन हवाला प्रकरणात (१९९८) सर्वोच्च न्यायालयाने सुट्या कागदांच्या फायलींना 'वही' मानले नाही आणि वह्यांतील नोंदींनाही स्वतंत्र पुष्टी आवश्यक मानली. साहजिकच, उधारीच्या दाव्यात चाकणच्या लघुउद्योजकास खतावणीचा उतारा पुरत नाही. माल मिळाल्याची सही असलेले चलन किंवा माल पोहोचविणाऱ्याची साक्ष जोडावी लागते.

खरा पेच कामगाराचा आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार बारा महिन्यांत २४० दिवसांचे काम सिद्ध झाले, तरच कामावरून कमी करताना नोटीस व भरपाई यांचा हक्क मिळे. हजेरीपट मात्र मालकाच्या कपाटात! हदीमनी खटल्यात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने सिद्धतेचा भार कामगारावरच ठेवला आणि त्याचे शपथपत्र अपुरे मानले. यल्लट्टी खटल्यात (२००५) भार तोच राहिला. परंतु कामगाराने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून हजेरीपट मागितले होते. व्यवस्थापनाने केवळ पाच सादर केले, त्यांपैकी तीन संबंधित कालावधीचे नव्हतेच, व उर्वरित का दिले नाहीत याचे स्पष्टीकरणही नव्हते. निकाल कामगाराच्या बाजूने लागला. तोंडी साक्षीला येथे वजन आले ते नोंदींची रीतसर मागणी केल्यामुळे. अशी मागणी नोंदीवर न आणता दडवणुकीचा आरोप करणे, प्रस्तुत लेखकाच्या मते, निष्फळ होय.

कंत्राटी कामगाराची अडचण याहून बिकट असते. काम एका कारखान्यात, हजेरी कंत्राटदाराकडे, आणि कंत्राटदार बदलला की नोंदवहीही त्याच्यासोबत जाते. अशा वेळी भविष्य निर्वाह निधीच्या वर्गणीची नोंद उपयोगी पडते, कारण ती त्रयस्थ कार्यालयात राहते. अंगठ्याच्या ठशावर चालणाऱ्या हजेरीयंत्राचा मुद्रित उतारा प्रमाणपत्राशिवाय सामान्यतः ग्राह्य नसतो. महाराष्ट्रातील निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. यंत्र ताब्यात असणाऱ्याने प्रमाणपत्र नाकारल्यास न्यायालयाकडे अर्ज करून ते मागविता येते, हेही त्याच निकालात नमूद आहे.