चिल्ड नको, नुसती गार

मे महिन्यातल्या दुपारी वाशी-बेलापूर पट्ट्यात बिअर मागवणाऱ्याची पहिली अट एकच असते: एकदम चिल्ड पाहिजे. खाडीवरून येणारी दमट हवा, पाठीला चिकटलेला शर्ट, आणि फ्रीझरमधून काढलेला, काचेवर पांढरी बुरशी धरल्यासारखा दिसणारा मग. वेटर तो टेबलावर ठेवतो तेव्हा सगळे खूश होतात. बिअर मात्र तिथेच अर्धी संपते, कोणी घोट घेण्याआधीच.

मगाच्या आत बर्फाचा पातळ, खरखरीत थर असतो. बिअर त्यावर पडली की वायूचे बुडबुडे एकाच वेळी सुटतात, फेस मगाबाहेर उसळतो आणि वितळलेलं पाणी बिअरमध्ये मिसळतं. शून्य अंशाच्या आसपास वास उडत नाही, जीभही बधिर होते. उरतो तो गारवा आणि थोडा कडवटपणा. साध्या लागर बिअरचं यात काही बिघडत नाही, कारण ती गटागटा पिण्यासाठीच बनवलेली असते. अशीच लागर बनवणारा युनायटेड ब्रुअरीजचा मोठा कारखाना तळोजा एमआयडीसीत आहे. हायनकेन भारतात तयार होऊ लागली ती २०११ मध्ये, याच तळोज्यात. अशा बिअरची सगळी कमाई यात, की पहिली बाटली आणि हजारावी बाटली सारखीच लागावी. देशात खप जास्त तो ‘स्ट्राँग’चा. तिच्यातल्या अल्कोहोलचा भपका झाकायला थंडीइतकं स्वस्त औषध दुसरं नाही.

क्राफ्ट बिअर घेणारा मात्र वासाचे पैसे मोजतो. ते मोजून वरून वास गोठवायचा, हा व्यवहार काही शहाणपणाचा नाही.

नेरुळच्या एका फ्लॅटमध्ये शनिवारी दुपारी चौघं जमले होते. यजमानाने तीन कॅन आणि एक ग्राउलर, म्हणजे ताजी बिअर भरून आणायचा काचेचा जग, फ्रिजमधून काढून ओट्यावर मांडून ठेवला आणि तो कांदा चिरायला लागला. “मग फ्रीझरमध्ये नाही ठेवलेस का रे?” एकाने विचारलं. “नाही. आणि दहा मिनिटं कशाला हात लावू नका.” घरच्या फ्रिजमध्ये साधारण चार-पाच अंश असतात. तिथून काढलेली लागर लगेच प्यावी. गव्हाची बिअर सहा-आठ अंशांवर खुलते, आयपीए (इंडिया पेल एल) आठ-दहावर, आणि काळी स्टाउट दहाच्याही पुढे. मे महिन्यात नेरुळमध्ये हे अंश चढायला फार वाट पाहावी लागत नाही.

ग्लासांचा प्रश्न त्याने कपाट उघडून सोडवला. युरोपात जवळजवळ प्रत्येक बिअरला आपला ग्लास आहे. जर्मन गव्हाच्या बिअरला अर्ध्या लिटरचा, कमरेत बारीक आणि वर रुंद होत गेलेला उंच ग्लास, कारण तिचा फेस भरपूर असतो आणि त्याला जागा लागते. कोलोन शहराच्या क्योल्शला दोनशे मिलिलिटरचा सरळ नळीसारखा ग्लास, म्हणजे गरम व्हायच्या आत संपावी. इंग्रजी पाइंट ५६८ मिलिलिटरचा. आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये मात्र ‘पाइंट’ मागितला की ३३० मिलिलिटरची बाटली हातात येते. एका जर्मन काच कंपनीने तर २०१३ मध्ये दोन अमेरिकन ब्रुअरींना बरोबर घेऊन खास आयपीएसाठी ग्लास काढला. हे सगळं हौसेचं आहे, आणि हौसेला मोल नसतं हे खरं. तरी नव्याने सुरुवात करणाऱ्याने बिअरचे ग्लास विकत घेऊ नयेत. घरात वाइनचे ग्लास असतील तर तेच काढावेत. खाली पोट, वर निमुळतं तोंड: वास आत कोंडून राहतो, नाक आत जातं, आणि दांडी धरली की हाताची ऊब बिअरला लागत नाही. स्टीलचा पेला नको. त्यात रंग दिसत नाही, फेसही धड दिसत नाही.

आकारापेक्षा महत्त्वाची आहे ती स्वच्छता, आणि आपल्या घरांत ती अवघड आहे. ज्या ग्लासात सकाळी दूध प्यायलं, ज्याला तुपाचा हात लागला, तो साबणाने धुतल्यावरही स्निग्धतेचा अंश धरून असतो आणि तो फेसाला मारक ठरतो. यजमानाची चाचणी सोपी होती. ग्लास पाण्याने ओला करून उपडा धरला. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर ग्लास साफ, थेंबाथेंबाने तुटलं तर पुन्हा धुवायचा. दोन ग्लास नापास झाले. ते मीठ चोळून धुतले आणि फडक्याने न पुसता तसेच उपडे ठेवले, कारण फडक्याला स्वयंपाकघराचा वास असतोच. बारमध्येही हे ओळखता येतं: ओतलेल्या बिअरमध्ये बुडबुडे काचेला आतून चिकटून बसलेले दिसले तर ग्लास धड धुतलेला नाही, बिअर कितीही नावाजलेली असो.

पहिला कॅन गव्हाच्या बिअरचा होता. ग्लास पंचेचाळीस अंशांत कलता धरून काठाने धार सोडायची, दोनतृतीयांश भरला की सरळ करून मधोमध ओतायचं, म्हणजे दोन बोटं फेस येतो. फेस म्हणजे बारवाल्याने मारलेलं माप, अशी आपली जुनी तक्रार. पण फेसातूनच वास वर येतो, आणि जो वायू ग्लासात सुटला नाही तो पोटात सुटतो. शेवटची थोडी बिअर कॅनमध्ये गोल घोळवून ओतली, तेव्हा तळाचं यीस्ट ढगासारखं ग्लासात उतरलं. “केळं!” एक मैत्रीण म्हणाली, आणि लगेच, “नाही, लवंगपण आहे.” दोन्ही होतं, आणि दोन्हीपैकी काहीच घातलेलं नव्हतं. गव्हाच्या बिअरचं यीस्ट आंबवताना स्वतःच हे वास तयार करतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे ही बिअर फारशी कोणाला ठाऊक नव्हती. महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची सुरुवात २००९ मध्ये पुण्यात डूलालीने केली. पुढे डोंबिवलीत गेटवे ब्रुइंगने व्हाइट झेन ही गव्हाची बिअर काढली आणि ती मुंबईच्या बारमध्ये नळावर दिसू लागली.

दुसरी कोकमाची. मीठ घातलेली आंबट बिअर ही जर्मनीतल्या गोस्लार शहराची जुनी तऱ्हा, तिला गोझे म्हणतात. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकम आणि मीठ घालून एल काढली ती याच वळणाची. कोकणातल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही, त्याची जीभ हे गणित लहानपणापासून सोडवत आली आहे. टेबलावर तळलेले बोंबील होते. त्यांच्याबरोबर सगळ्यात आधी हीच संपली.

काही बिअर गावाची असते, तशी काही ऋतूची. ऋतूची बिअर म्हणजे काय, याचं उत्तर मुळात हौशी नव्हतंच. बव्हेरियात १५५३च्या हुकुमाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायला बंदी होती, कारण उन्हाळ्यात ती नासायची. म्हणून मार्चमध्ये जरा कडक बिअर बनवून थंड तळघरांत ठेवत आणि शरदापर्यंत पुरवत. तिचं नाव मेर्त्सेन, म्हणजे मार्चची. १८७०च्या दशकात कार्ल लिंडेची शीतयंत्रं म्युनिकच्या ब्रुअरीत पोहोचली आणि ही गरजच उरली नाही. आपलाही या कॅलेंडरशी जुना संबंध आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो ब्रुअरीतून हॉजसनची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात यायची. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांचा प्रवास सोसणारी ही बिअर नव्या हंगामाचं माल्ट आणि हॉप्स वापरून, ऑक्टोबरात मुरवण्यासाठी बनवल्या जाणाऱ्या इंग्लिश बिअरच्या घराण्यातली होती. हॉजसनने आयपीएचा शोध लावला ही दंतकथाच. पण पुढे आयपीए म्हणून ओळखली गेलेली बिअर अशी हंगामी होती, हे आज बाराही महिने ती पिणाऱ्यांच्या ध्यानात नसतं.

तिसऱ्या ग्लासात आयपीएच होती, पण कॅनवरची तारीख सात महिन्यांपूर्वीची. हॉप्सचा मोसंबी-आंब्यासारखा वास उडून गेलेला, मागे ओल्या पुठ्ठ्याची चव. ताडी सकाळी वेगळी आणि दुपारी वेगळी, हे आगरी-कोळी गावांत कोणाला सांगावं लागत नाही. आयपीएचं तसंच आहे, फक्त तासांच्या जागी महिने. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर घ्यावी. दुकानदाराला पॅकिंगची तारीख विचारली की तो उत्साहाने एक्स्पायरी दाखवतो, तिच्यावर भरवसा ठेवू नये. उन्हाच्या शोकेसमधली हिरवी बाटलीही टाळावी. उजेडाने हॉप्समधली द्रव्यं बिघडतात आणि उग्र, उबट दुर्गंधी येते. तपकिरी काच बरी, कॅन सगळ्यात बरा.

नवी मुंबईत ऋतूचा हिशेब वाशीच्या एपीएमसी बाजारात लागतो. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, मार्च-एप्रिलपासून देवगड-रत्नागिरीच्या पेट्यांचे ढीग, पावसाच्या तोंडावर जांभूळ, दिवाळीच्या आगेमागे सीताफळ. मुंबई-पुण्याच्या टॅपरूममधल्या फळ्यांवरचे खडूचे बदलही बऱ्याच अंशी याच क्रमाने होतात. मेर्त्सेनची गरज थंड तळघराने ठरवली होती. इथे तळघराची गरज नाही, बाजारभाव पुरतो.

ग्राउलरमध्ये आंब्याची एल होती. २०२०च्या लॉकडाउनमध्ये टाक्यांतली बिअर पडून राहिली तेव्हा राज्याने मायक्रोब्रुअरींना ग्राउलरमधून पार्सल द्यायची मुभा दिली, तेव्हापासून ताजी बिअर घरी आणायची सोय झाली. पहिला घोट घेऊन एकाचा चेहरा पडला. “गोड कुठाय?” आमरसाची अपेक्षा असेल तर निराशाच. आंब्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, मागे वास आणि किंचित आंबटपणा राहतो. म्हणूनच बहुतेक ब्रुअर आंब्याचा गर पहिलं जोरदार आंबवणं उरकल्यावर घालतात. आधी घातला तर उसळणाऱ्या वायूबरोबर वास टाकीबाहेर जातो. शिवाय गरातल्या पेक्टिनने बिअर गढूळ होते. ती गढूळ असली म्हणून परत करू नये. उलट लख्ख पिवळी, गोड आणि नाकाला टॉफीसारखी लागणारी आंबा बिअर समोर आली तर ती इसेन्सची असण्याची शक्यता जास्त.

वाइन चाखणारे घोट थुंकून टाकतात. बिअर गिळावी लागते, कारण कडवटपणा गिळल्यानंतर चढतो आणि वास घशामागून पुन्हा नाकात येतो. चेहरा पडलेल्याने दुसरा घोट असा, जरा थांबून घेतला. तोवर बिअर आणखी दोनेक अंश चढली होती. “कैरी आणि हापूसच्या मधलं काहीतरी आहे,” तो म्हणाला आणि ग्लास पुढे केला.

कायद्याने महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची एकवीस वर्षं पुरी लागतात, आणि पाम बीच रोडवर नाकाबंदी कधीही लागू शकते. चौघांपैकी दोघं लोकलने आले होते, तिसरा खालच्याच मजल्यावर राहणारा. उघडलेल्या ग्राउलरमधला वायू रात्रीतून निघून जातो, तेव्हा उरलेले दोन ग्लास उद्यावर टाकण्यात अर्थ नव्हता. जांभळाची कधी येणार, हे टॅपरूमला फोन करून विचारायचं काम खालच्या मजल्यावरच्याकडे लागलं.