रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब

राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात चांदमारीचा दिवस हा विद्यार्थ्यांच्या विशेष कुतूहलाचा असतो. जमिनीवर पालथे पडून, पॉइंट बावीस बोअरच्या रायफलीचा दस्ता खांद्याशी घट्ट धरून मोजक्या फैरी झाडायच्या, एवढाच तो कार्यक्रम. कागदी लक्ष्यावर किती भोके पडली याची उत्सुकता छात्राला असते. उस्तादाचे लक्ष मात्र दुसरीकडे असते. फैरी संपल्या की जमिनीवर विखुरलेल्या पितळी पुंगळ्या वेचल्या जातात, मोजल्या जातात आणि दिलेल्या काडतुसांच्या संख्येशी त्यांचा मेळ घातला जातो. एखादी कमी भरली तर गवत चाचपले जाते, खिसे तपासले जातात. मैदान सोडण्यापूर्वी आपल्याजवळ काडतूस वा रिकामी पुंगळी नाही, असे छात्राने सांगायचे असते. आठवण म्हणून एखादी पुंगळी घरी न्यावी हा मोह त्या वयात स्वाभाविक असला, तरी तो तेथे आवरावाच लागतो.

गोळी तर उडून गेली. मग मागे राहिलेल्या टरफलाची एवढी उस्तवार कशासाठी, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे पहिले उत्तर धातूत आहे. रायफलीची पुंगळी ज्या पितळाची करतात, त्यात ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असते. बार उडताच वायूच्या दाबाने ही पुंगळी किंचित फुगते, नळीच्या मागच्या कोठीला घट्ट चिकटते आणि तप्त वायूला मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे, येऊ देत नाही. दाब ओसरताच ती पुन्हा थोडी आकसते आणि सहज बाहेर फेकली जाते. इतके गुणी पितळ फेकून देण्याजोगे खचितच नसते. पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्ये सुरू झालेला दारूगोळ्याचा कारखाना असो की जळगाव जिल्ह्यातील वरणगावची आयुधनिर्माणी असो, या व्यवसायाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे आणि पितळाचे मोल तेथील कामगारांना कोणी सांगावयास नको.

दुसरे उत्तर सुरक्षेचे आहे. मोठ्या रायफलीची पुंगळी एकदा वापरली म्हणून निकामी होत नाही. तिच्या बुडाशी नवी टोपी बसवून, आत दारू भरून आणि तोंडाशी गोळी बसवून ती पुन्हा वापरता येते. अमेरिकेत हौशी नेमबाज आणि शिकारी हे काम घरच्या घरी करतात; म्हणूनच तेथे चांदमारीनंतर स्वतःच्या पुंगळ्या वेचून नेणे हा काटकसरीचा भाग समजला जातो. पॉइंट बावीसच्या काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि घोड्याच्या आघाताने ती कड चेपते, त्यामुळे ते पुन्हा भरण्याच्या सोयीचे नसते. पण जेथे शस्त्रांवर कडक निर्बंध आहेत, तेथे रिकामी पुंगळी भलत्या हाती पडू नये ही दक्षता रास्तच म्हटली पाहिजे.

तिसरे उत्तर न्यायालयात मिळते. रायफलीचा टाचा जेथे आपटतो तेथे पुंगळीच्या बुडावर खळगा पडतो. तिला बाहेर ओढणाऱ्या आणि फेकणाऱ्या भागांचेही बारीक ओरखडे उमटतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची तुलना करून पुंगळी कोणत्या शस्त्रातून सुटली याविषयी तज्ज्ञ आपले मत देतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपविले. त्यानंतर जंगलात सापडणारी पुंगळी ही शिकाऱ्याच्या पराक्रमाची निशाणी राहिली नाही. ती गुन्ह्याची निशाणी झाली.

रिकाम्या पुंगळ्या मोजण्याची ही शिस्त इतकी जुनी आणि इतकी पक्की आहे, की आपल्या इतिहासातील एका काळ्याकुट्ट दिवसाचा आकडाही तिनेच जपून ठेवला आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरच्या ५० रायफलधारी शिपायांनी नि:शस्त्र जमावावर सुमारे दहा मिनिटे गोळीबार केला. त्या दिवशी १६५० फैरी झाडल्या गेल्या असे इतिहासात नमूद आहे. ही संख्या कोठून आली? शिपायांनी वेचलेल्या रिकाम्या पुंगळ्यांच्या मोजणीतून. दर रायफलीमागे सरासरी ३३ फैरी, असा हिशेब त्यावरून कोणालाही मांडता येतो. पितळाच्या बाबतीत त्या दिवशी काटेकोरपणा पाळला गेला. माणसांच्या बाबतीत मात्र तो पाळला गेला नाही. जखमींना तसेच टाकून तुकडी निघून गेली; रात्री संचारबंदी असल्याने नातलगांना बागेपर्यंत पोचणेही दुरापास्त झाले. मृतांची सरकारी संख्या पुढे ३७९ अशी सांगण्यात आली, तर काँग्रेसच्या बाजूने हजाराच्या घरातला आकडा मांडला गेला. काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत महात्मा गांधी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हेही होते. शतक उलटून गेले, तरी मृतांच्या संख्येवर एकमत नाही. पुंगळ्यांची संख्या मात्र निर्विवाद आहे.

परक्या सरकारचा तो हिशेब होता, असे म्हणून हा विषय संपविता आला असता तर बरे झाले असते. पण स्वतंत्र भारतातही पुंगळ्या आणि माणसे यांच्या हिशेबात अंतर राहिले आहे. छात्रसेनेची किंवा पोलिसांची चांदमारी लहान असते. तेथे पुंगळीखेरीज दुसरे काही मागे उरत नाही. लष्कराच्या विस्तीर्ण सरावक्षेत्रांची गोष्ट वेगळी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील के. के. रेंजवर रणगाड्यांचा, तर नाशिकजवळ देवळाली येथे तोफखान्याचा सराव चालतो. अशा ठिकाणी पुंगळ्यांबरोबर तोफगोळ्यांचे तुकडे पडतात आणि कधीकधी न फुटलेला गोळाही मातीत रुतून राहतो. पितळ, तांबे आणि लोखंड मोडीत विकले जाते हे परिसरातील गोरगरिबांना ठाऊक असते. दिवसभर राबूनही पोटापुरते न मिळणाऱ्यास त्या माळरानावरचे धातूचे तुकडे खुणावतात, यात नवल नाही. निर्जीव पुंगळी आणि जिवंत गोळा यांतला भेद मात्र त्याला कोणी शिकविलेला नसतो. भंगार वेचताना माणसे दगावल्याच्या बातम्या देशाच्या अनेक भागांतून येत राहिल्या आहेत.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुनी स्फोटके नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला आणि सहा जणांचा बळी गेला. मृतांत आसपासच्या खेड्यांतले मजूरही होते. धातूच्या भंगारासाठी तेथे ग्रामस्थ येत असत, हेही त्या वेळी पुढे आले. दोन दिवस हळहळ व्यक्त झाली. पुढे विषय मागे पडला.

‘मनाई असलेल्या जागी ही माणसे शिरतातच का?’ असा सवाल यावर केला जातो. कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचा नाही. गोळीबाराच्या सरावासंबंधीचा १९३८ चा कायदा धोक्याच्या क्षेत्रात विनापरवाना शिरणाऱ्यास दोषी ठरवितो. परंतु त्याच कायद्याने सरावापूर्वी लोकांना सूचना देण्याचे आणि सरावामुळे जीविताची वा मालमत्तेची हानी झाल्यास भरपाई देण्याचे बंधनही घातले आहे. कायद्याचे एक कलम दाखवून दुसरे झाकून ठेवणे न्यायाला धरून होणार नाही. शिवाय भुकेला सूचनाफलक वाचता येत नाही, हे ज्यांनी खेडी पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको.

करावयाचे काम अवघड असले, तरी अशक्य नाही. काश्मीरमधील तोसामैदान हे कुरण १९६४ पासून सरावासाठी वापरात होते. २०१४ मध्ये तेथील भाडेपट्टा संपला, तेव्हा लष्कराने मोहीम काढून न फुटलेले गोळे शोधले आणि नष्ट केले. जे क्षेत्र सोडताना करता येते, ते क्षेत्र वापरात असतानाही प्रत्येक सरावानंतर अधिक कसोशीने करता आले पाहिजे. जागा सुरक्षित केल्यावर धातू वेचण्याचे काम प्रशिक्षित देखरेखीखाली स्थानिक लोकांकडेच मजुरीने दिले, तर चोरवाटेने शिरण्याचे कारणच उरणार नाही. लगतच्या गावांतील शाळांत न फुटलेल्या गोळ्याची चित्रे दाखवून, ‘दिसल्यास हात लावू नका, कळवा’ एवढा धडा दरवर्षी दिला गेला, तर कितीतरी कोवळे जीव वाचतील. त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. शिक्षकांचे आणि ग्रामपंचायतींचे सहकार्य तेवढे हवे.

छात्रसेनेच्या मैदानावर एक पुंगळी हरवली तर सारी तुकडी खाली वाकून गवत चाचपते. ही शिस्त मोलाची आहे. ती सैल व्हावी असे कोणीही म्हणणार नाही. मागणी एवढीच आहे, की जी व्यवस्था रिकाम्या पितळाचा इतका चोख हिशेब ठेवते, तिने त्याच चोखपणे न फुटलेल्या गोळ्यांचा आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचाही हिशेब ठेवावा.