बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका

शाबान महिना संपत आला की घरोघरी रमजानची तयारी सुरू होते. डाळी-पीठं भरली जातात, खजूर येतात. याच दिवसांत काही घरांत एक गोष्ट गुपचूप घडते. उदासीच्या आजारावर रोज गोळी घेणारी एखादी सून, एखादे अब्बा किंवा कॉलेजात जाणारा मुलगा मनाशी ठरवतो, "आता बरंच बरं वाटतंय. रोजे सुरू झाले की गोळ्या बंद." कुणाला विचारायचा प्रश्नच नसतो, कारण गोळ्या चालू आहेत हेच घरात सांगितलेलं नसतं. मग चार-सहा दिवसांत चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते. घरच्यांना वाटतं, रोजा झेपत नाही. खरं कारण कपाटात लपवलेल्या पाकिटात असतं.

लपवण्याचं मूळ एका समजुतीत आहे: मन खचणं म्हणजे इमान कमी पडणं. ही समजूत चुकीची आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आजारावर इलाज करून घ्यायची शिकवण दिली आणि त्यातून मनाचा आजार वगळला नाही. अबू झैद अल-बल्खी (मृत्यू इ. स. ९३४) या मुस्लिम विद्वानाने शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दुःखाचे दोन प्रकार सांगितले: कारण माहीत असलेलं दुःख आणि काहीच कारण नसताना दाटून येणारं दुःख. दुसऱ्या प्रकारात शरीरावरही उपचार हवेत, असं त्याचं म्हणणं होतं. आजही शेजारच्या गुजरातमध्ये, मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्गाहवर 'दवा आणि दुआ' हा उपक्रम चालला आहे. जियारतीला आलेल्या रुग्णाला तिथेच मानसोपचार तज्ज्ञ तपासतात. दुआ चालू राहते, दवाही सुरू होते.

दवा सुरू झाली की पहिली परीक्षा सब्राची असते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटीन यांसारख्या गोळ्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या तासाभरात काम करत नाहीत. फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. उलट पहिल्या आठवड्यात मळमळ, जुलाब, डोकेदुखी, बेचैनी असा त्रास होऊ शकतो. बहुतेक वेळा तो आपोआप कमी होतो. मात्र पंचवीस वर्षांच्या आतील मुलामुलींवर सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी खास लक्ष ठेवावं. बेचैनी फार वाढली, मरणाचे विचार आले, किंवा झोप न घेता माणूस अचानक अती उत्साहात आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

दुसरी परीक्षा बरं वाटल्यावरची, आणि तीच अवघड. बरं वाटतंय ते गोळी चालू आहे म्हणून. पहिल्यांदा आजार झाला असेल तर बरं वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात, आजार पुन्हा उलटला असेल तर आणखी जास्त. बंद करायची वेळ आली की डॉक्टर डोस काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, हळूहळू उतरवतात. एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, भयानक स्वप्नं, रडू येणं असा त्रास होऊ शकतो. याला व्यसन म्हणत नाहीत. शरीराला सवय मोडायला वेळ लागतो, इतकंच. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र खरोखर चटक लागू शकते, त्यामुळे त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त घेऊ नयेत.

आता रमजानचं. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी बहुतेक वेळा इफ्तारनंतर किंवा सेहरीला घेता येते. झोप आणणारी असेल तर तरावीहनंतर, झोप उडवणारी असेल तर सेहरीला. पण ही वेळ आपण ठरवायची नाही. रमजानच्या तीन-चार आठवडे आधी डॉक्टरांना भेटून चिठ्ठीवर लिहून घ्यावी. लिथियम घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय रोजा धरूच नये, कारण अंगातलं पाणी कमी झालं की ते रक्तात वाढतं आणि जिवावर बेतू शकतं. आजारी माणसाला रोजाची सवलत सूरह अल-बकरामध्ये दिलेली आहे. रोजे नंतर पूर्ण करायचे की फिदया द्यायचा, हे आलिमांना विचारावं. अल्लाहने दिलेली सवलत घेण्यात कमीपणा नाही.

आणखी काही गोष्टी घरातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवाव्यात. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो, ट्रॅमाडॉलसोबत वेगळाच धोका असतो. म्हणून मेडिकलवाल्याला, दाताच्या डॉक्टरांना आणि हकीमसाहेबांनाही चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी. दिवस गेले तर घाबरून गोळी सोडू नये, लगेच डॉक्टरांना विचारावं. आपली गोळी नणंदेला किंवा जावेला 'तुलाही बरं वाटेल' म्हणून देऊ नये. उमराहला जाताना गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसह न्याव्यात. घरात लहान मुलं असतील किंवा रुग्णाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर गोळ्या कुलपात ठेवून रोजची रोज हातात द्याव्यात.

आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोल्याहून किंवा जामखेडहून नगरला जाऊन यायचं म्हणजे दिवस जातो, रोजगार बुडतो, आणि गोळ्या संपून चार दिवसांचा खाडा पडतो. म्हणून पाकीट संपायच्या आठ दिवस आधीच सोय करावी. नगरचं जिल्हा रुग्णालय, लोणीचं प्रवरा रुग्णालय आणि विळद घाटातलं वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय इथे मानसोपचार विभाग आहेत. रात्री-अपरात्री बोलायची वेळ आली तर सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. जिवाला धोका असेल तर १०८.

सर्वांत मोठी सुरक्षितता मात्र घरातच मिळते. मधुमेहाची गोळी अब्बा सगळ्यांसमोर पाण्याबरोबर घेतात, आणि विसरले तर नातवंडं आठवण करून देतात. मनाची गोळीही तशीच, त्याच दस्तरखानावर घेता आली पाहिजे. ज्या सुनेला ती लपवावी लागत नाही, तिची गोळी सहसा चुकत नाही. अल्लाह सर्व आजारी भावा-बहिणींना शिफा देवो. आमीन.