जिल्ह्याचं गाव कसं वसवतात?

मुलांनो, भातुकली मांडताना आधी काय ठरवता? चूल कुठे, पाणी कुठे, दार कुठल्या बाजूला! शहर वसवतानाही हेच प्रश्न पडतात, फक्त भातुकली फार मोठी असते.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं, म्हणून पंजाबसाठी चंदीगड बांधलं. १९६० साली गुजरात राज्य झालं, त्याच्यासाठी गांधीनगर वसवलं. नव्या राज्याला राजधानी लागते, तसं नव्या जिल्ह्याला मुख्यालय लागतं.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. महाराष्ट्राचा हा ३६वा जिल्हा. त्याआधी मोखाड्याच्या माणसाला कलेक्टर कचेरीत काम निघालं, की शंभराहून जास्त किलोमीटरवरचं ठाणे गाठावं लागे. एका कागदापायी दिवस मोडायचा, मजुरी बुडायची ती वेगळीच!

मग मुख्यालय कुठे? काही जण म्हणाले, डोंगरातल्या जव्हारला करा. पण निवड झाली पालघरची. इथे पश्चिम रेल्वेचं स्टेशन आहे ना!

काम मिळालं सिडकोला. नवी मुंबई वसवली, तीच ही सिडको. जागा सुमारे ४४० हेक्टर, तीही सरकारी. एक हेक्टर म्हणजे शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद चौकोन. असे ४४० चौकोन डोळ्यांपुढे आणा बरं! थोड्या जागेवर कचेऱ्या, उरलेल्या जागेवर नवं शहर. तिथले भूखंड विकून बांधकामाचा खर्च भरून काढायचा, अशी ही योजना. ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्यालयाचं उद्घाटन झालं. तोवर सात वर्षं कारभार दुसऱ्या जागेतून चालला.

जागा सरकारी असणं का महत्त्वाचं? जवळच्या बोईसर-तारापूरकडे पाहा. तिथलं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. पुढे त्याच्या वाढीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांतल्या लोकांना आपली घरं सोडावी लागली. नकाशावर रेघ मारणं सोपं असतं. त्या रेघेखाली कुणाचं तरी अंगण येतं.

पालघरच्या इमारती देखण्या आहेत. पण खरी परीक्षा वेगळीच. मोखाड्याहून निघालेल्या आजीबाईंचं काम एका खेपेत होऊन त्या दिवेलागणीला घरी परतल्या, तर मुख्यालय पास!

आता तुम्ही कागद घ्या आणि आपल्या मनातलं शहर काढा. आईबाबांना दाखवा. आणि हो, एस. टी. स्टँड विसरू नका हं!