बॅटरीची रेघ

वरवट बकालच्या शिवारातली हिवाळ्यातली रात्र. कृषिपंपांची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून शेजारचे काका हरभऱ्याला पाणी द्यायला निघाले होते. मी धुऱ्यावर कॅमेरा लावून बसलो होतो. मोटर सुरू झाली. काका हातात बॅटरी घेऊन तुषारचे पाइप बघत बघत वावराच्या दुसऱ्या टोकाला गेले, आणि तेवढी दोन मिनिटं मी शटर उघडं ठेवलं. फोटोत काका कुठेच नव्हते. त्यांच्या बॅटरीची पिवळी रेघ मात्र हरभऱ्यावरून वळणं घेत गेली होती आणि तिच्यामागे सातपुडा ठसठशीत उभा होता.

माणूस गेला कुठे आणि रेघ उरली कशी? एवढं नीट कळलं की रात्रीच्या फोटोग्राफीतलं बरंचसं कोडं सुटतं.

आपला डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही, कॅमेऱ्याचा सेन्सर ठेवतो. सेन्सर म्हणजे लाखो बारीक वाफ्यांचं शेत समजा. दांडाचं पाणी एकाच वाफ्यावर थांबलं तर वाफा भरतो. तेच पाणी क्षणाक्षणाला पुढच्या वाफ्यात वळवलं, तर प्रत्येक वाफा नुसता ओला होतो. सातपुड्याचा अंधूक प्रकाश दोन मिनिटं त्याच वाफ्यांवर पडत राहिला, म्हणून डोंगर उमटला. काकांच्या अंगावरचा प्रकाश आधीच कमी, त्यात ते चालत होते, त्यामुळे कुठल्याच वाफ्याला पुरेसं मिळालं नाही. बॅटरी इतकी प्रखर की तिला निसटता क्षणही पुरला.

फ्रान्समध्ये दागेरने १८३८ साली पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो काढला, तेव्हाही हेच घडलं. रस्त्यावर वर्दळ होती, पण लेन्स काही मिनिटं उघडी असल्याने चालती माणसं आणि गाड्या पुसल्या गेल्या. उरला तो बुटाला पॉलिश करून घेत एका जागी थांबलेला माणूस.

यातून एक कामाची गोष्ट निघते, आणि नवशिक्यांना ती सहसा कोणी सांगत नाही. शटरचा वेळ दुप्पट केला तर स्थिर डोंगर दुप्पट उजळतो, पण चालत्या दिव्याची रेघ उजळत नाही, नुसती लांबते. रेघ उजळ हवी असेल तर अॅपर्चर मोठं करावं लागतं किंवा आयएसओ वाढवावा लागतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी अॅपर्चर आणि आयएसओने रेघ जमवायची, मग वेळ कमीजास्त करून भोवतालचा अंधार जमवायचा. त्या रात्री एफ/४, आयएसओ ८०० आणि दोन मिनिटं असं जमलं होतं. बहुतेक कॅमेऱ्यांत ३० सेकंदांच्या पुढे जायला ‘बल्ब’ मोड लागतो. आयएसओ वाढवल्याने आत येणारा प्रकाश वाढत नाही, एवढं लक्षात असू द्या. आलेलाच प्रकाश फुगवला जातो, आणि त्याबरोबर चित्रातली खरखरही फुगते.

आता प्रत्यक्ष मांडणी. आपली काळी माती ओलितात लोण्यासारखी होते आणि ट्रायपॉडचा पाय नकळत खचत जातो. पायांखाली विटेचे तुकडे ठेवा किंवा धुऱ्याची टणक जागा निवडा. मधला दांडा वर काढू नका. बटण दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. लेन्समधलं कंपनरोधक ट्रायपॉडवर बंद ठेवा. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो. त्यासाठी स्क्रीनवर व्याध किंवा लांबच्या खांबावरचा दिवा मोठा करून पाहा, हाताने फिरवत तो बारीकात बारीक ठिपका करा आणि मग फोकसला हात लावू नका. अंधारात स्क्रीन फसवते, काळपट फोटोही लख्ख वाटतो. भरवसा हिस्टोग्रामवर ठेवा. पहाटे लेन्सवर दव धरतं, ते अधूनमधून बघत राहा.

सरावाला सर्वांत सोपा आपला शेगावकडे जाणारा रस्ता. दिवेलागणीला, सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांनी, आभाळात निळा उजेड उरलेला असतो तेव्हा रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहा. आयएसओ १००, एफ/८ आणि २० सेकंद इथून सुरुवात करा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी २० सेकंदांत साधारण ३३३ मीटर जाते, म्हणजे लाल दिव्यांची तेवढी लांब रेघ. बैलगाडी ताशी चार किलोमीटरने गेली तर जेमतेम २२ मीटर. त्यामुळे बैलगाडीच्या कंदिलाची रेघ आखूड आणि झगझगीत येते, गाडीची लांब आणि पातळ.

कधी उलट हवं असतं, माणूस पुसला जायला नको असतो. शेगावकडे पायी निघालेले वारकरी रात्री दिव्यांच्या उजेडात चालतात, तेव्हा थोडा हिशेब करावा लागतो. ताशी पाच किलोमीटरने चालणारा माणूस १/१५ सेकंदात नऊ सेंटिमीटर सरकतो, १/१२५ सेकंदात एकच सेंटिमीटर. १/१२५ ला चेहरा बऱ्यापैकी ओळखू येतो, पण आयएसओ ३२०० किंवा त्याहून वर न्यावा लागतो. मला दुसरी रीत जास्त आवडते. १/१५ ठेवायचा आणि त्यांच्याच चालीने कॅमेरा फिरवत न्यायचा. चेहरा त्याच वाफ्यांवर राहतो आणि मागची झाडं फरफटत जातात. दहांतले नऊ फोटो वाया जातात, पण दहाव्यात चाल दिसते. फ्लॅश मात्र भाविकांच्या तोंडावर मारू नये.

फिरत्या तुषारावर एक तास घालवा, वेगाचा सगळा पाठ तिथेच मिळतो. बाजूने फ्लॅश दिला तर थेंब हवेत मोत्यांसारखे थांबतात, कारण फ्लॅशची लकाकी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असू शकते. १/३० सेकंदाला दोऱ्या होतात, दोन सेकंदांना नुसतं धुकं. पाणी तेच, दाबही तोच.

तारेसुद्धा चालते दिवेच आहेत, खरं तर चालते ती पृथ्वी. आभाळ तासाला १५ अंश फिरताना दिसतं. १८ मिलिमीटरच्या लेन्सला, दीडपट क्रॉप असलेल्या सेन्सरवर, ५०० च्या नियमाने ५०० भागिले २७ (१८ च्या दीडपट) म्हणजे १८ सेकंदांच्या आसपास तारे ठिपक्यासारखे राहतात. आजच्या बारीक वाफ्यांच्या सेन्सरवर मी १० ते १२ च धरतो. त्यापुढे तारा उजळत नाही, नुसता लांबतो. आपलं गाव साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुव तारा उत्तरेला, सातपुड्याच्या बाजूला, क्षितिजापासून तेवढाच वर सापडतो. तिकडे तोंड करून ३० सेकंदांचे १२० फोटो पाठोपाठ काढा आणि स्टारस्टॅक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक चढवा. ध्रुवाभोवती १५ अंशांची वर्तुळाकार वळणं उमटतील. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन तेवढं बंद ठेवा, नाहीतर वळणांत खंड पडतात. ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपण्याची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या रोपाची वाढ अशीच पडद्यावर आणली होती. मोबाइलचा नाइट मोडही अनेक छोटे फोटो घेऊन ते एकत्र जुळवतो. त्याला विटेला टेकवून ठेवा, फरक लगेच दिसेल.

रात्री शिवारात जायचं तर मालकाला विचारूनच जा. डुकरांसाठी कुठे तारेत वीज सोडलेली असेल तर ती जीव घेते. पायात बूट हवेत, आणि रात्री अंबाबरवा अभयारण्याच्या हद्दीत विनापरवाना शिरू नये.

तो फोटो दुसऱ्या दिवशी काकांना दाखवला. त्यांनी रेघेवर बोट फिरवलं. रेघेत चार ठिकाणी जाड ठिपके होते. “हे कायचे व्हय?” मी म्हणालो, तुम्ही जिथे थांबलात तिथे उजेड साचला. मग ते एकेक ठिपका ओळखू लागले. पहिल्या जागी नोझल अडकलं होतं, दुसऱ्या जागी पाइप सुटला होता, चौथ्या जागी त्यांनी वाल बंद केला होता. तिसऱ्यापाशी ते जरा थांबले. “इथं रोही उभा होता,” ते म्हणाले. “माह्याकडे पाहून राह्यला होता.”